बानूअक्काचे चार दात

वरचे समोरचे चार दात नसले तरी माणसाला भाकरी खाता येते. कुस्करून खायची. बोलताही येतं, थोडी थुंकी उडते एवढंच. शीळ मात्र घालता येत नाही. जिभेचं टोक दातांच्या मागं टेकतं, हवा दातांच्या धारेवर कापली जाते, तेव्हा शीळ वाजते. धारच नसेल तर नुसता वारा.

माझी थोरली बहीण बानूबाई. मी तिला अक्का म्हणायचो. तिचं सासर राणीसावरगावच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या माळावर. घरात मेंढरं. तिचा नवरा उमाजी पोलीस अॅक्शननंतरच्या साली तापानं गेला. तेव्हापासून कळप तिनं स्वतः राखला. गडी ठेवला नाही. पहाटे वाघर सोडायची, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी काढायची, दिवसभर कळपामागं चालायचं, लंगडं कोकरू खांद्यावर घ्यायचं, सांजेला परत वाघर ठोकायची. मी परभणीला जिनिंगमध्ये हमालीला होतो. कापसाची गठाण उचलली की ती खाली ठेवता येते. मेंढरू खाली ठेवता येत नाही.

शीळ तिला आमच्या बापानं शिकवली होती. तिच्या तीन शिळा होत्या. लांब सरळ शीळ म्हणजे चला. तुटक म्हणजे थांबा. खालून वर चढत जाणारी म्हणजे वळा. तिची मेंढरं बोंबलण्याला दाद देत नव्हती, काठीलाही देत नव्हती. शीळ झाली की माना वर.

आमच्यात बाईनं शीळ घालणं चांगलं समजत नाहीत. घरात घातली तर साप येतो म्हणतात, रानात घातली तर देव कोपतो. उमाजी होता तोवर ती घालत नव्हती. तो गेल्यावर पहिल्यांदा घातली तेव्हा ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायांनी कानात बोटं घातली.

"अगं ये, रांडमुंड बाई तू, शीळ घालतीस?"

"मेंढराला बाई-बुवा कळत न्हाई," अक्का म्हणाली. "तुमी कानात बोटं घाला. मेंढरांनी न्हाई घातली म्हंजी झालं."

तिचा धाकटा दीर रायभान. त्याचा कळप तिच्या दुप्पट. माणूस वाईट नव्हता, पण भावजयीनं वेगळा कळप हाकणं त्याला चारचौघांत खटकायचं. आमच्याकडं रीत अशी की चंपाषष्ठीला माळावरच्या खंडोबापुढं सगळे कळप आणायचे, भंडारा उधळायचा आणि तिथूनच खाली गंगेकाठी उतरायचं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. सोनपेठच्या बाजूला काळी रानं. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात आणि जवारी देतात. ज्याचा कळप त्याच्या नावानं बोलणी. जो कळप दुसऱ्याच्या कळपात मिसळून उतरला तो त्याच्याच नावावर गेला. पुढल्या साली शेतकरी त्याच माणसाला बोलावतो. एकदा मिसळलेला कळप परत वेगळा झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

पंचावन्न साली वैशाखात अक्का अडलेल्या मेंढीला मोकळी करायला खाली वाकली होती. रायभानचा एडका मागून आला. तिनं आवाज ऐकून मान वळवली आणि टक्कर तोंडावर बसली. चार दात गेले. मेंढी मोकळी झाली, कोकरू जगलं. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण तोंडातून रक्त चाललेलं असताना तिनं ते काम पुरं केलं.

रायभान बघायला आला. दारात उभा राहून म्हणाला, "वैनी, मी म्हणत हुतो. बाईमाणसानं शीळ घालू नये. बगा, देवानं दातच नेले."

अक्काचं तोंड सुजलेलं. तरी बोलली. "देवानं न्हाई नेले भावजी. तुमच्या एडक्यानं नेले."

तिची सासू अंबाबाई चुलीपाशी बसली होती. ती एवढी हसली की तिला ठसका लागला.

पण पुढं हसण्यासारखं राहिलं नाही. जखम भरली तरी शीळ येईना. अक्का हातात टिनाचा डबा घेऊन वाजवायची. मेंढरं अर्धी यायची, अर्धी रानात शिरायची. दोनदा दुसऱ्याच्या पिकात गेली. रायभाननं सरळ सांगितलं, "औंदा चंपाषष्ठीला मपल्या कळपात घाला. दाने घरपोच करतो. तुमी घरी बसा." तो मनापासून बोलत होता. त्यामुळं जास्त अवघड झालं.

मी तिला परभणीला आणली. गंगाखेडपर्यंत पायी, तिथून रेल्वेनं. ठेसनाजवळ दिनकरराव नावाचे दातांचे डॉक्टर होते. हैदराबादेत काम शिकून आले होते. मराठी बोलता बोलता मधेच उर्दू बोलायचे. त्यांनी मेणात तिच्या जबड्याचा ठसा घेतला आणि भादव्यात चार दातांची कवळी करून दिली. गुलाबी पट्टी टाळूला बसायची, दोन्हीकडं तारेचे आकडे बाजूच्या दातांना धरायचे. काढता-घालता यायची.

दिनकरराव म्हणाले, "रात्री काढायची, पाण्यात ठेवायची. खाल्लं की धुवायची. कवळी नवी आहे, पण तिची निगा रोज ठेवावी लागेल."

अक्का हो म्हणाली. खरं तर तिचं लक्ष तिकडं नव्हतं. ती जिभेनं दात चाचपत होती. दवाखान्याबाहेर आल्यावर तिनं ओठ ताणले आणि फुंकर मारली. फुस्स. परत मारली. फुस्स. ठेसनापर्यंत फुस्स. टांगेवाल्याचा घोडा वळून बघायला लागला. गाडी पोखर्णीच्या पुढं गेली तेव्हा बारीकशी शीळ वाजली आणि डब्यातली सगळी माणसं तिच्याकडं बघायला लागली. तिनं पदर तोंडावर घेतला. पदराआड ती हसत होती.

दसऱ्यापर्यंत तिची शीळ परत आली. आधी लांब, मग तुटक. चढती शेवटी आली, कारण तिला जीभ जोरानं टेकवावी लागते आणि पट्टी हलते. ती एकटी माळावर जाऊन सराव करायची. एक शीळ शंभरदा बिघडली की एकदा जमते, हे कुठल्याही कामाचं आहे.

मग तोंड बिघडलं.

ती कवळी काढत नव्हती. एक तर मेंढवाड्यात ठेवणार कुठं? कुत्री, कोकरं, घोडं, सगळ्यांचे पाय. हरवली की संपलं. दुसरं म्हणजे लाज. दात काढलेलं तोंड दिरापुढं, सासूपुढं कसं दाखवायचं? म्हणून दिवसा घातलेली, झोपेतही घातलेली. वर दूध, ताक, आंबील हेच खाणं, आणि सकाळी मिसरी. पट्टीच्या मागं सगळं साठत गेलं.

आधी वास यायला लागला. तेव्हा तिनं पितळेला करतात तो उपाय केला. आमच्याकडं पितळेची भांडी आंबट ताकानं घासतात, लख्ख निघतात. जे पितळेचा मळ काढतं ते दाताचा का नाही काढणार? शिवाय माळावर पाणी लांबून आणायचं, ताक घरचं. तिनं कुणी बघत नसताना कवळी रोज थोडा वेळ ताकाच्या गाडग्यात बुडवून ठेवायला सुरुवात केली. काढून पदराला पुसली की तोंडात. धनगराच्या घराशिवाय ही चूक कोणी करणार नाही.

दिवाळीनंतर मी गेलो तर ती पाण्यात भिजवलेली भाकरी खात होती. मीठसुद्धा सोसत नव्हतं. कवळी पदराच्या गाठीला होती.

"शीळ?" मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली.

रायभान तिथंच बसला होता. म्हणाला, "परक्याचे दात तोंडात ऱ्हात नसतेत. वैनीनं लय केलं. आता सोडा म्हणावं."

अंबाबाई त्याच्यावर खेकसली. "तू सोड की आधी तंबाखू. दुसऱ्याला सोडा म्हणायला काय जातंय?"

मी अक्काला दुसऱ्या दिवशी परत परभणीला नेली. चंपाषष्ठी तोंडावर आली होती.

दिनकररावांनी तिचं तोंड उजेडाकडं करून पाहिलं. टाळू लाल, बरोबर पट्टीच्या आकाराची लाल. कडेनं पांढरा थर. कापसानं पुसला की निघायचा आणि खाली आग. त्यांनी कवळी नाकाजवळ नेली आणि लगेच लांब केली.

"बाई, ही तुम्ही कशात ठेवता?"

"ताकात," अक्का म्हणाली. "सोच्छ व्हावी म्हणून."

डॉक्टरांनी कवळी खाली ठेवली. "तोबा! तुम्ही कवळीला विरजण लावलंय."

अक्का कवळीकडं बघत राहिली. मला वाटलं ती रागावली. पण ती विचार करत होती.

डॉक्टर सांगत होते, "ही बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येते, लोणच्यावर येते, तिचीच एक बहीण. थोडी सगळ्यांच्या तोंडात असते, त्रास देत नाही. पण ओल, ऊब आणि खाणं मिळालं आणि कोणी हलवलं नाही की वाढते. पट्टीच्या मागं तिला ही तिन्ही मिळाली. रात्रभर तोंडात ठेवून तुम्ही तिला घर दिलं. वर ताकानं जेवण दिलं."

"म्हंजी गाडग्यासारखं," अक्का म्हणाली. "ताकाचं गाडगं आमी घासून धुवत न्हाई. नुसतं इसळतो. मुरलेलं ऱ्हावं म्हणून. तवा दूध लवकर लागतंय."

"बिलकुल. तुमची पट्टी मुरली आहे."

"मग गाडगं बिघडलं की आमी ते इस्तवावर तापवतो. हिला उकळत्या पान्यात टाकू का?"

"टाकाल तर वाकडी होईल. मग तोंडात बसायची नाही, नवी करावी लागेल. गरम पाणी नाही. राख नाही, विटेचा भुगा नाही. त्यानं चरे पडतात आणि चऱ्यात बुरशी परत बसते. साबण, मऊ ब्रश आणि गार पाणी. पुढून घासायची आणि मागून जास्त, कारण मागची बाजू टाळूला लागते. तारेच्या खाली घासायची. जेवलं की काढून खळखळून धुवायची. रात्री बाहेर, सोड्याच्या पाण्यात. पाणी रोज नवं, आणि ज्या भांड्यात ठेवाल तेही घासायचं. ओल्या फडक्यानं टाळू पुसायची. मिसरी बंद."

"आन शीळ?"

"टाळूला जांभळं औषध लावा. टाळूचा रंग गालाच्या आतल्या रंगासारखा होईपर्यंत कवळी घालायची नाही. मधे घातलीत तर परत पहिल्यापासून."

"चंपाषष्ठी जवळ आली डॉक्टरसाहेब."

"बुरशीला चंपाषष्ठी माहीत नाही."

गंगाखेडला उतरल्यावर म्हणाली, "त्येनी पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई. आता ऐकते."

तिनं ऐकलं म्हणजे काय केलं ते नीट सांगतो, कारण लोक नुसतं ऐकलं म्हणतात.

माळावर पाणी नव्हतं. आड खाली, ओढ्याच्या वळणावर. ती आधीच घागरी आणत होती. आता कवळीसाठी वेगळी लहान घागर आणायला लागली, कारण मेंढरांच्या आणि भांड्यांच्या पाण्यात ती कवळी धुवायला तयार नव्हती. म्हणजे चढाची एक खेप जास्त. चिनी मातीची एक झाकणाची बरणी तिनं लोणचं काढून रिकामी केली, सोड्यानं घासली, उन्हात वाळवली. बरणी शिंक्यात घालून मेंढवाड्याजवळच्या पालाच्या, म्हणजे राहुटीच्या, आडव्या काठीला टांगली. कुत्र्याचं तोंड पोचत नव्हतं, कोकराचा पाय पोचत नव्हता. कवळी तोंडात नव्हती तरी सकाळ-संध्याकाळ घासायची. मी म्हटलं, "घालत न्हाईस तर घासतीस काऊन?" तर म्हणाली, "आत मुरलेलं हाय. ते निघाय नको?" तारेच्या खालचा मळ ब्रशनं निघत नव्हता तिथं तिनं बाभळीच्या काटक्या कुटून मऊ कुंचली केली. रोज नवी. वापरलेली चुलीत.

मिसरी सोडणं तिला जड गेलं. ते ती कुणापुढं बोलली नाही. पण सकाळी मिसरीच्या वेळेला ती उठून बिनकामाची घागर भरायला जायची, हे मला अंबाबाईनं सांगितलं.

टाळू बघायचं काम अंबाबाईचं. पालाबाहेर उन्हात उभी करायची.

"आ कर. आणखी. आगं बोकडावानी तोंड हाय तुजं, उघड की."

"कसं हाय?"

"लाल हाय."

दुसऱ्या दिवशी परत. "लाल हाय." कधी "निम्मं लाल हाय." म्हातारी खोटं बोलली असती तर अक्काला बरं वाटलं असतं. ती बोलली नाही. त्या घरात त्याचं मोल होतं.

जांभळ्या औषधानं अक्काचे ओठ, जीभ सगळं जांभळं. रायभाननं बघितलं आणि म्हणाला, "वैनी, मार्गशीर्षात जांभळं कुठं गावली?"

आडावरच्या बायांनी तिला साबण लावून कवळी धुताना पाहिलं. "बानूबाई, देव धुवायलीस का काय?"

"देव भंडाऱ्यावर भागतो," अक्का म्हणाली. "हिला साबण लागतो."

चंपाषष्ठीच्या आधी मी तिकडं गेलो. जिनिंगचा हंगाम होता, मुकादमानं मुश्किलीनं सोडलं. अक्कानं मला काही सांगितलं नाही. अंबाबाईनं सांगितलं, "काल सकाळी पुसलं तवा पांढरं निघालं न्हाई. आज रंग एक झालाय. मी दोनदा बघितलं."

"घातली का कवळी?"

"घातली. उलीसा वेळ. लगी काढली. धुतली."

शीळ घातली का, ते विचारायचं मी टाळलं.

चंपाषष्ठीला माळ पिवळा झाला. भंडारा उधळून झाला, येळकोट झाला, आणि कळप एकामागून एक ओढ्याकडं उतरायला लागले. ओढ्यावर पाणी पाजून पुढं जायचं. अक्काची मेंढरं आधी पाण्याला लागली. रायभाननं मागून आपला कळप सरळ त्यांच्यात घातला. घाईत झालं असं नाही. त्यानं जाणून घातला. बघता बघता सगळी पाठ एक झाली. काळी, करडी, पांढरी, कुणाचं कुठलं कळेना.

रायभान पलीकडच्या काठावर गेला आणि म्हणाला, "वैनी, झालं ते झालं. आता येगळी कुठं करता? चला आमच्या संगं."

बाकीचे मेंढके उभे राहिले. बायाही.

अक्कानं घोड्यावर बांधलेल्या शिंक्यातली बरणी खाली घेतली. तिनं ओढ्याच्या पाण्याला हात लावला नाही. मेंढरांनी ते गढूळ केलेलं. तिनं आपल्या लहान घागरीतलं पाणी ओंजळीत घेतलं, कवळी खळबळून घेतली, तोंडात घातली, अंगठ्यानं वर दाबून बसवली. मग ओठ ताणले.

पहिली शीळ फुटली नाही. वारा गेला. रायभानच्या बाजूचा एकजण हसला.

दुसरी गेली. खालून वर चढत जाणारी.

ओढ्यात माना वर झाल्या. सगळ्या नाही, तिच्या. बाकीची मेंढरं पाणी पीत राहिली. त्या पाठींच्या गर्दीत कुठली तिची ते तेव्हा दिसलं. अक्कानं परत घातली, मग लांब सरळ शीळ. आणि मेंढरं वळली. एकमेकांच्या अंगावरून, रायभानच्या मेंढरांच्या पोटाखालून, पाण्यातून उड्या मारत अलीकडच्या काठावर आली. कोकरं मागं राहिली ती ओरडत आली. तिनं तुटक शीळ घातली, कळप थांबला.

रायभानची दोन-तीन मेंढरं चुकून आली होती. अक्कानं ती काठीनं परत लोटली.

रायभाननं पागोटं काढलं, कपाळ पुसलं, परत बांधलं. आपल्या माणसांना म्हणाला, "वाट द्या. वैनीची मेंढरं म्होरं जाऊ द्या."

मी गठाणी उचलणारा माणूस. कोणी किती ओझं उचललं ते मला दिसतं. त्या दिवशी ओढ्याच्या काठावर माझ्या बहिणीनं जे उचललं ते कुणाच्या डोक्यावर दिसलं नाही. चढावरची जास्तीची घागर, सोडलेली मिसरी, तोंडात काही नसताना घासलेली पट्टी, रोज उन्हात उभं राहून ऐकलेलं "लाल हाय". शीळ आमच्या बापानं दिली होती. पण ती परत आणली तिनं.

पुढं ती पुष्कळ वर्षं गंगेकाठी उतरली. दुसऱ्या वर्षी आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. सोनपेठच्या शेतकऱ्यांची बोलणी मात्र बानूबाई धनगरणीशी आधीसारखीच होत होती. तिचं तोंड परत कधी तसं आलं नाही. दिनकररावांनी पुढं कवळी बदलून दिली तेव्हा जुनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ही मी केलेली आहे, पण राखली तुम्ही." ते बोलणं ती कुणालाही सांगत नसे. मला सांगितलं, एकदाच.

त्या चंपाषष्ठीच्या संध्याकाळी पहिला तळ एका ज्वारीच्या रानाच्या कडेला पडला. दोन्ही कळप शेजारी, वाघरी वेगळ्या. चुली पेटल्या. सगळे गोल बसून भाकरी खात होतो. रायभान समोर होता, अंबाबाई बाजूला. अक्कानं भाकरी खाल्ली, ठेच्यासकट. पाणी प्याली. मग तिनं तिथंच, पदर न ओढता, पाठ न फिरवता, कवळी काढली. तोंडातली मोकळी जागा चुलीच्या उजेडात सगळ्यांना दिसली. तिनं पिशवीतून साबण काढला, ब्रश काढला आणि लहान घागरीकडं हात केला. घागर रिकामी होती. वाटेनं संपली होती.

रायभान उठला. आपल्या घोड्यावरची भरलेली घागर काढून आणली. तिच्यापुढं वाकला आणि कलती धरली.

"घ्या वैनी," तो म्हणाला. "आडाचं हाय. तोंड न्हाई लावलं कुणी."

तिनं हात पुढं केला आणि कवळी मागच्या बाजूनं घासायला सुरुवात केली.